दशावताराची पेटी आणि पंधरा किलो

मोपाच्या विमानतळावर एका स्वस्त विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरला मी काम करते. कंपनीचं नाव सांगत नाही. नियम थोड्याफार फरकाने सगळ्यांचे सारखेच आहेत. ५ जानेवारी २०२३ला इथून विमानं सुटायला लागली, तरी गोव्यात आता दोन विमानतळ आहेत हे अजून कित्येकांच्या ध्यानात येत नाही. दाबोळीचं तिकीट घेऊन इथे आलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात. त्यांचं दुःख मोठं असतं, पण मी त्यांना फक्त वाट दाखवते. वजनाचं तसं नाही. तिथे मलाच पैसे मागावे लागतात, आणि शिफ्ट संपताना ड्यूटी मॅनेजर सगळ्यात आधी एक्सेसचा, म्हणजे जादा वजनाच्या पैशांचा, आकडा विचारतो.

पावसाळ्यातला दिवस होता. हैदराबादचं विमान ११.४०चं, म्हणजे काउंटर १०.४०ला बंद. नऊच्या सुमारास दोघे जण दोन ट्रॉल्या ढकलत आले. एक सत्तरीकडे झुकलेले आबा, पांढरा सदरा, कपाळाला गंध. दुसरा तरुण, खांद्यावर मृदंग. ट्रॉलीवर पत्र्याची भली मोठी पेटी, हार्मोनियम आणि दोरीने आवळलेली एक बॅग. पेटीवर तेलकट हळद-कुंकू बघितलं आणि ओळखलं, दशावतारी मंडळी. मी बांद्याची. जत्रेच्या रात्री असल्याच पेट्यांना टेकून झोपलेली पोर आहे मी.

पेटी बेल्टवर चढवली. ४६ किलो. बॅग २१, हार्मोनियम १३, मृदंग ९. एकूण ८९. दोघांच्या तिकिटावर प्रत्येकी १५, म्हणजे ३०. वरच्या ५९ किलोंना त्या वेळच्या आमच्या सहाशेच्या दराने पस्तीस हजार चारशे.

मी आकडा सांगितला तेव्हा आबा रागावले नाहीत. त्यांना वाटलं मी चुकून एक शून्य जास्त बोलले. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा म्हणाले, "गो बाय, ह्या काय सांगतंस? आख्ख्या नाटकाचे तरी इतके गावतत काय आमका?"

या दराचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण लोक तो माझ्याच माथी मारतात. २०१६ साली डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, १५ ते २० किलोंमधल्या जादा वजनाला किलोमागे शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. तेव्हापासून दर ज्याचा तो ठरवतो. हेच वजन आधी ऑनलाइन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. काउंटरचा दर मुद्दाम चढा ठेवलेला असतो, लोकांनी आधी घ्यावं म्हणून. तर्क समजतो मला. पण तो तर्क तिकीट काढणाऱ्याला लागू पडतो, आणि माझ्यासमोर बहुतेक वेळा तिकीट काढणारा नसतोच. भाच्याने काढलेलं असतं, मुलीने काढलेलं असतं, एजंटने काढलेलं असतं. अटी वाचून 'मान्य आहे'वर बोट ठेवणारा एक, आणि तराजूपुढे उभा राहणारा दुसरा. ईमेलही त्या पहिल्यालाच जातो.

इथेही तेच. "तिकिटां हैदराबादच्या मंडळींनी काढली. आमका फकत फोटो इलो," तरुणाने मोबाइल पुढे केला. वॉट्सअॅपवरचा स्क्रीनशॉट. वजनाची ओळ नेमकी कापलेली.

पण त्या फोटोत मला दुसरं काहीतरी दिसलं. कोपऱ्यात दुसऱ्या पीएनआरची, म्हणजे बुकिंग क्रमांकाची, कड होती. विचारलं, "आबा, तुम्ही किती जण?"

"अकरा. बाकीची पोरां जीपीतून येतत. पत्रादेवीच्या अलीकडे झाड पडला वाटेर."

ऑनलाइन तिकीट काढताना एका बुकिंगमध्ये नऊच माणसं बसतात. अकरा जणांचं काढणाऱ्याने आधी नऊ आणि मग दोन असं काढलं होतं. आमच्याकडे वजनाची बेरीज होते ती एका पीएनआरमध्ये. नऊ जणांचे मिळून १३५ किलो चालतात. एकाची बॅग पाच किलोंची असेल तर दुसऱ्याची पंचवीसची चालून जाते. दोन वेगळ्या पीएनआरची बेरीज होत नाही. आणि सामानाचा टेंपो आधी पाठवला तर दोन माणसांच्या पीएनआरवर अख्ख्या नाटक कंपनीचं सामान येऊन पडतं. मंडळी एकत्र जीपीने येऊन एकत्र रांगेत उभी राहिली असती, तर हा प्रश्न मला दिसलाही नसता.

"पैसे भरू नका," मी म्हटलं. "जीप येऊ दे. आणि पेटी उघडा."

पेटी उघडायचं कारण वेगळं. नग ३२ किलोंच्या वर गेला तर पैसे देऊनही घेत नाहीत. तो खाली वाकून एक माणूस उचलतो, त्याच्या कमरेसाठी ती मर्यादा आहे. आबांनी पेटीच्या पाया पडून कडी काढली. वरच मखमलीचे अंगरखे, खाली मुकुट, जरीचे शालू, कागदात गुंडाळलेला संकासुराचा मुखवटा. शेजारच्या रांगेतली दिल्लीची दोन पोरं ट्रॉलीवर चढून बघायला लागली. त्यांच्या आईने विचारलं, हे विकायला आहे का. शालू आणि अंगरखे काढून आम्ही कचऱ्याच्या नव्या काळ्या पिशव्यांत भरले आणि वर प्लॅस्टिक गुंडाळून घेतलं. त्याचेही पैसे लागतात, ते आबांनी काही न बोलता दिले. पेटी ३१वर आली.

१०.२२ला जीप आली. नऊ जण पळत, ओल्या चपलांनी. त्यांच्या बॅगा सगळ्या मिळून ६२ किलो. ६२ आणि पेटीतलं मूळचं ४६ म्हणजे १०८, त्यात नाटकातल्या शस्त्रांची ती २१ किलोंची बॅग धरली तर १२९. नऊ जणांच्या १३५मध्ये बसलं. हार्मोनियम आणि मृदंग मिळून २२, ते आबांच्या ३०मध्ये. मॅनेजर मागे येऊन उभा होता. "बॅगा कोणाच्या?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता, दुसऱ्याचं सामान आपल्या नावावर घेऊ नये असं आम्हीच सांगत असतो. नऊही जण एका सुरात म्हणाले, "कंपनीच्या." एकाच नाटक कंपनीची, एकाच विमानाने जाणारी माणसं. तो काही बोलला नाही. हार्मोनियमला लिमिटेड रिलीज टॅग लावला, म्हणजे मोडली तर आमची जबाबदारी नाही. त्यावर सही करताना हार्मोनियमवाल्याचा हात अडखळला.

मग एक भलतंच निघालं. स्त्री पार्ट करणाऱ्या कलाकाराच्या तिकिटावर 'मिस' होतं. हैदराबादच्या माणसाने त्याला फक्त यूट्यूबवर पाहिलं होतं, द्रौपदीच्या वेषात. समोर आधार कार्डावर मिशीवाला गडी. अख्खी रांग हसली, तोही हसला. नाव जुळत होतं, म्हणून मॅनेजरने संगणकात ते 'मिस्टर' करून दिलं, पैसे न घेता. नावच वेगळं असतं तर एवढं सोपं गेलं नसतं.

मी पास छापायला लागले तसे आबांनी हळूच विचारलं, "ह्या कागदाचे पण पैशे?" घाबरले होते बिचारे, आणि प्रश्न अगदीच वेडा नव्हता. काही कंपन्या काउंटरवर पास देण्याचे दोनशे रुपये घेत. जुलै २०२२मध्ये मंत्रालयाने ते बंद करायला लावलं. "नाही, हा फुकट," मी म्हटलं.

१०.३८ला खालून स्क्रीनिंगचा फोन आला. तलवारी पत्र्याच्या होत्या आणि चेक-इनमध्ये होत्या, त्यांचं काही नाही. एका डब्यात पिवळट पूड होती. राळ. राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर टाकायची. पेट घेणारी पूड विमानात कुठेच चालत नाही, ना पोटात ना केबिनमध्ये, आणि याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. डबा बाहेर काढला. टेंपोवाला अजून पार्किंगमध्ये होता, त्याच्याकडे दिला. "मगे राक्षस येतलो कसो?" मृदंगवाल्याने विचारलं. आबा म्हणाले, "मोठ्यान आराडत येतलो."

ते आत गेल्यावर हैदराबादच्या माणसाचा फोन आला. माझा नंबर आबांनीच दिला होता. तो आभार मानत होता, मी परतीचं तिकीट विचारलं. ते दुसऱ्या कंपनीचं निघालं, पुन्हा नऊ आणि दोन. त्या कंपनीत वजनाची बेरीज होते की नाही ते त्यांनाच विचारा, आणि होत नसेल तर आजच ऑनलाइन वजन घेऊन ठेवा, असं सांगितलं. "पण मॅडम, मी सगळ्यात स्वस्त बघूनच घेतलं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, तेच तर.

संध्याकाळी मॅनेजरने आकडा विचारला. हैदराबाद, शून्य. त्याने वहीत शून्य लिहिलं आणि मुंबईचं विचारलं.