आमची वाटचाल : वरच्या फळीवर जाझ, खालच्या फळीवर रेगे

दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. एक म्हणजे, "जुन्या हिंदी पिक्चरच्या रेकॉर्डी कुठे ठेवल्यात?" त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे नाहीत, चोरबाजारात मटण स्ट्रीटला जा. दुसरा प्रश्न, "जाझ आणि रेगे एकाच दुकानात कसं काय?" याला मात्र चहा सांगावा लागतो.

हे दुकान मुळात रेकॉर्डींचं नव्हतंच. बाबांनी 1967 साली गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर रेडिओ दुरुस्तीचं टेबल मांडलं. अर्धा गाळा आमचा, अर्धा एका शिंप्याचा. व्हॉल्व्हचे रेडिओ, रेडिओग्राम, एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारे गॅरार्डचे चेंजर असा सगळा कारभार. दुरुस्त झालेला प्लेअर तपासायचा तर रेकॉर्ड हवी, आणि गिऱ्हाईक बहुतेकदा शेवटची लावलेली रेकॉर्ड थाळीवर तशीच ठेवून मशीन आणून टाकायचं. त्यामुळे लहानपणी माझ्या कानावर जे पडलं ते घरच्या कुणी निवडलेलं नव्हतं. लोकांची मशीन ज्या गाण्यावर बंद पडली, ती गाणी ऐकत मी वाढलो.

त्यातलं एक मशीन धोबी तलावच्या एका गोवेकर काकांचं. ते ट्रम्पेट वाजवत. दिवसा पिक्चरच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलात. तिकडे गावोगावच्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांची वसतिगृहं होती, तिथेच ते राहायचे. 'अलबेला' (1951) मध्ये सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ज्याची ट्रम्पेट घुमते तो चिक चॉकलेट त्यांचा देव. 1963 साली अमेरिकेतला बडा जाझवाला ड्यूक एलिंग्टन मुंबईत आला तेव्हा काका अगदी मागच्या रांगेत होते, पण सांगताना दर वर्षी ती रांग एकेक पुढे सरकत गेली. बाबांना इंग्रजी जेमतेम, काकांचं मराठी कोकणीतून आलेलं. दोघांचं संभाषण म्हणजे एकाने सुई ठेवायची आणि दुसऱ्याने मान हलवायची.

1988 साली काका कायमचे गोव्याला निघाले तेव्हा एक लाकडी पेटी देऊन गेले. आत एकोणीस एलपी आणि एक कागद. कागदावर कोणती रेकॉर्ड आधी ऐकायची, कोणती नंतर, आणि एका नावापुढे "मन खराब असेल तेव्हा नको" असं लिहिलेलं. आज आम्ही प्रत्येक रेकॉर्डीसोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी देतो, ती कल्पना आमची नाही, त्या कागदाची आहे.

कॅसेटी आल्या, मग सीडी. लोक मशीन न्यायला येईनात. बाबांच्या माळ्यावर बेवारशी प्लेअरची रांग लागली. 1996 साली मी नोकरी सोडून दुकानात बसलो तेव्हा घरात आठवडाभर कुणी माझ्याशी नीट बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं. रेकॉर्डी तेव्हा रद्दीवाल्याकडे वजनावर मिळत. हॉटेलांचे, क्लबांचे, परदेशी निघालेल्या कुटुंबांचे गठ्ठे मी उचलले आणि कलिन्याला एक गोडाऊन घेतलं.

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या गोडाऊनमध्ये छातीइतकं पाणी. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर कव्हरांचा लगदा झालेला, लेबलं सुटलेली. पण विनाइलला पाण्याने फारसं काही होत नाही. पुतण्याला हाताशी घेऊन न्हाणीघरात नळाखाली एकेक रेकॉर्ड धुतली, कपडे वाळत घालायच्या दोरीवर जुन्या पंच्यांच्या झोळ्या करून वाळवली. कोणती कुठली, हे ओळखायला गाणी संपल्यावर लेबलाआधी उरणाऱ्या मोकळ्या पट्टीत कोरलेले आकडे वाचावे लागले. भिंग आणि टेबललॅम्प घेऊन चार महिने तेच काम. धंद्यात जे शिकलो त्यातलं निम्मं त्या चार महिन्यांत शिकलो. बिनकव्हरांच्या रेकॉर्डी मातीमोल भावाने विकल्या. त्या घेणारी कॉलेजातली पोरं आज आमची सगळ्यांत जुनी गिऱ्हाइकं आहेत.

आता रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत. माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला हँड्सवर्थ भागात राहतो. तिथे जमैकाचे लोक आणि आपल्याकडचे लोक एकाच रस्त्यावर दुकानं थाटून बसलेले. स्टील पल्स हा बँड तिथलाच, त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावच 'हँड्सवर्थ रेव्होल्यूशन' (1978). पुराची बातमी ऐकून भाऊ आला तो कपड्यांऐवजी चाळीस रेकॉर्डी घेऊन. "दादा, तुझ्या गोडाऊनला मदत," म्हणाला. मी उघडून पाहिलं आणि खरं सांगायचं तर हिरमुसलो. मला जाझ हवं होतं. महिनाभर ती बॅग कॉटखाली होती.

मग एका रात्री जमैकाच्या स्कॅटलाइट्स बँडची रेकॉर्ड लावली आणि डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकून उठून बसलो. हा माणूस तर जाझ वाजवतोय! कव्हरमागचा मजकूर वाचला, मग भावाला फोन करकरून माहिती काढली, आणि चहावाला प्रश्न सुटला. किंग्स्टनमध्ये ननांनी चालवलेली अल्फा बॉइज स्कूल नावाची गरीब मुलांची शाळा होती. तिथे मुलांना हातात वाद्य देऊन बँडमध्ये उभं करत. 1964 साली स्कॅटलाइट्स जमले, त्यातले टॉमी मॅकूक, ड्रमंड, लेस्टर स्टर्लिंग, जॉनी मूर हे चौघे त्याच शाळेचे. ही मंडळी मनाने जाझवाली, पोटासाठी नाचाचं संगीत वाजवणारी. त्यातून स्का हा नाचाच्या संगीताचा जलद प्रकार, स्काचा वेग उतरून रॉकस्टेडी, आणि 1968 च्या आसपास रेगे. ज्याच्या स्टुडिओ वनमध्ये हे बरंचसं घडलं तो कॉक्सन डॉड स्वतः जाझचा वेडा.

गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम शिकून ट्रम्पेट हातात घेतलेले आमचे काका आणि अल्फाची पोरं, गोष्ट एकच. पण कमाल पुढे आहे. काकांच्या पेटीत जॉन मेयर आणि जो हॅरियटची 'इंडो-जाझ फ्यूजन्स' (1967) होती. मेयर कोलकात्याचा, आणि सॅक्सोफोनवाला जो हॅरियट किंग्स्टनचा, अल्फाचाच विद्यार्थी. दोन फळ्यांना जोडणारा खिळा सतरा वर्षं आमच्याच माळ्यावर पडून होता.

सुरुवात कुठून करावी, हे विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तुम्ही काय ऐकत मोठे झालात? शास्त्रीय ऐकणारा असेल तर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (1959). सगळेच तो सांगतात, माझं कारण वेगळं आहे. त्यातलं पहिलं गाणं 'सो व्हॉट' डोरियन नावाच्या स्वरसप्तकावर उभं आहे, म्हणजे आपला काफी थाट. मधल्या भागात तोच काफी अर्धा स्वर वर चढवतात आणि पुन्हा खाली आणतात, बस. राग नाही तो, चलन नाही, वादी-संवादी नाही; पण भराभर बदलणाऱ्या कॉर्डांच्या जंगलात जो कान हरवतो, त्याला इथे बसायला सतरंजी मिळते. एक सूचना चिठ्ठीत नेहमी लिहितो. पहिल्या बाजूची तीन गाणी ज्या मशीनवर ध्वनिमुद्रित झाली ते किंचित मंद चालत होतं, त्यामुळे जुन्या रेकॉर्डींवर ती जरा चढ्या सुरात वाजतात. 1992 पासूनच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. पेटी जुळवून सोबत वाजवायचं असेल तर नवी घ्या. एका गायक गिऱ्हाइकाने जुनी नेली आणि "तुमच्या मशीनचा पट्टा तपासा" म्हणून मलाच सुनावलं.

तबला कळणाऱ्याला मी आधी रेगे देतो. रेग्यातला 'वन ड्रॉप' म्हणजे चारांतली पहिली मात्रा रिकामी आणि ड्रमचा ठोका तिसरीवर. रूपक तालात समेवरच खाली असते ना, तसा पायाखालची पायरी गेल्याचा भास होतो. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट हे ज्या सहजतेने करतो ते ऐकण्यासाठी 'कॅच अ फायर' (1973) घ्या. त्याचं पहिलं कव्हर झिपो लायटरसारखं वर उघडणारं होतं. ते बिजागरीपाशी फाटतं आणि धड कव्हराची किंमत डोकं फिरवणारी असते. साधं कव्हर घ्या, संगीत तेच आहे.

आमची सगळ्यांत मोठी चूक जाझमधली. 2011 साली सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' आम्ही पहिल्या काळात दाबलेली प्रत म्हणून विकली. ब्लू नोट कंपनीचं बहुतेक ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर करायचा. दिवसा चष्म्याचे नंबर काढणारा हा माणूस रात्री हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात माइक लावत असे, 'ब्लू ट्रेन' 1957 साली तिथेच झाली. आमच्या प्रतीवर त्याचा शिक्का होता, लेबलही जुनं होतं. आठवड्याने बंगळुरूहून त्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "काका, कान कुठंय?" मी म्हटलं, कसला कान? 1966 पर्यंत ज्या कारखान्यात या रेकॉर्डी दाबल्या जात, तो मोकळ्या पट्टीत कानासारखी दिसणारी एक खूण करायचा. कंपनी विकली गेल्यावर नव्या मालकांनी उरलेली जुनी लेबलं वापरली, साचेही बरेचदा जुनेच. त्यामुळे शिक्का आहे, लेबल आहे, कान नाही. दोन महिन्यांच्या भाड्याइतके पैसे परत केले. त्यानंतर 'ओरिजिनल' हा शब्द आमच्याकडे दोघांनी दिव्याखाली पाहिल्याशिवाय चिठ्ठीवर लिहिला जात नाही.

रेग्यात हे नियम उलटे होतात. जमैकात दाबलेल्या सत्तरीतल्या रेकॉर्डी म्हणजे मधलं भोक जरा बाजूला, विनाइलमध्ये कचरा, लेबल कधी कोरं तर कधी भलत्याच गाण्याचं. जाझवाला संग्राहक ती पाहून नाक मुरडतो. मी म्हणतो, सुई ठेवा. बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (1975) बाहेरच्या लोकांना रुचावा म्हणून आयलंड कंपनीने नव्याने मिसळून मऊ केला. ती प्रत स्वच्छ वाजते, तरी मला जमैकाची खरखरीत जास्त प्रिय. उलट काँगोज यांचा 'हार्ट ऑफ द काँगोज' (1977), निर्माता ली पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतला. त्याच्या पहिल्या प्रतीमागे धावू नका. मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर कंपनीने 1996 साली काढलेली आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली सुई बसवा. हा सल्ला देऊन आमचं नुकसान होतं हे मुलगी मला दर महिन्याला हिशेब करताना सांगते.

बाबांना रेगे कधी आवडलं नाही. "एकच गाणं किती वेळ?" म्हणायचे. पण किंग टब्बीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मशीन बंद करू दिलं नाही. टब्बी किंग्स्टनमधला रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा. लोकांनी गायलेल्या गाण्यांतून आवाज काढून टाकायचा, ड्रम आणि बेस उघडे ठेवायचे, मध्येच प्रतिध्वनी सोडायचा, आणि या खटपटीतून डब नावाचा प्रकार उभा राहिला. ऑगस्टस पाब्लोच्या मेलोडिकासोबतचा (फुंकून वाजवायची छोटी पेटी) 'किंग टब्बीज मीट्स रॉकर्स अपटाउन' (1976) बाबांनी पूर्ण ऐकला. शेवटी एवढंच म्हणाले, "सोल्डरिंग चांगलं असणार त्याचं."

2020 च्या टाळेबंदीत कुरिअर बंद, दुकान बंद. तेव्हा फोनवर नुसता सल्ला द्यायचो, तुमच्या कपाटात आहे त्यातलंच आज काय लावा म्हणून. पैसे कसे घ्यायचे ते कळेना, म्हणून घेतले नाहीत. दुकान उघडल्यावर त्यातली बरीच मंडळी आली, काही आली नाहीत.

सध्या बाबांच्या टेबलावर मुलगी बसते. रेकॉर्डींपेक्षा तिला मशीनमध्ये जास्त रस, म्हणजे गाडी पुन्हा दुरुस्तीकडे वळलीय. पावसाळ्यात बुरशी आलेली कव्हरं, घासलेल्या सुया, सैल झालेले पट्टे. मोठ्या भोकाच्या जमैकन सात इंची रेकॉर्डींसाठी लागणाऱ्या मधल्या चकत्या ती आता स्वतः कापून देते. तिच्यासमोर गेले तीन आठवडे एक गॅरार्डचा चेंजर उघडा पडला आहे; त्याचं रबरी चाक कडक होऊन चिरलंय आणि तसं मिळत नाही. कुणाच्या माळ्यावर बंद पडलेला असला चेंजर असेल तर घेऊन या. बदल्यात रेकॉर्ड देऊ, चिठ्ठीसकट.