तुम्ही विचारलंत म्हणून: सेलमध्ये नवा लॅपटॉप घेऊ का?

नवरात्राच्या आसपास हा प्रश्न सुरू होतो आणि भाऊबीज झाली तरी थांबत नाही. "ताई, सेल लागलाय. आमचा जुना लॅपटॉप फार हळू चालतो, विंडोज अकरा घेत नाही म्हणतो. आता नवीनच घेऊन टाकू ना?" विचारणारे बहुतेक गिरगाव, लालबाग, दादरचे. निवृत्त झालेले काका, मुलाच्या कॉलेजची तयारी करणारी आई, सोसायटीचा हिशेब ठेवणारे सेक्रेटरी. लॅमिंग्टन रोडजवळच्या एका गाळ्यात मी काँप्युटर दुरुस्तीचं काम करते, तेव्हा प्रश्न माझ्याकडे येणारच. गिऱ्हाईक समोर उभं असताना फोनवर दोन वाक्यांत दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सेलच्या गर्दीत घेऊ नका, हे माझं उत्तर. आधी जुना लॅपटॉप कुणाला तरी उघडून बघू द्या. नवा लागणारच असेल, तर दुकानदार तुम्हाला निवांत तासभर देऊ शकेल अशा दिवशी घ्या. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ द्यात.

2025 मध्ये हा प्रश्न एकदम वाढला. त्या वर्षी 22 सप्टेंबरला घटस्थापना होती, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ऑनलाइन सेलही त्याच सुमारास उघडले. एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हा लॅपटॉपही उतरले असणार असं अनेकांनी धरून टाकलं. लॅपटॉपवर आधी 18 टक्केच होता आणि नंतरही तेवढाच राहिला. मग 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि 18 तारखेला धनत्रयोदशी आली. एकीकडे पेपरात पानभर जाहिराती, दुसरीकडे लॅपटॉपच्याच स्क्रीनवर 'आता नवा पीसी घ्या' असं सुचवणाऱ्या सूचना. माणूस घाबरला नाही तरच नवल.

सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. विंडोज 10 चालूच राहतं, सुरक्षेची नवी अपडेट्स मात्र येईनाशी होतात. हा धोका खरा आहे, विशेषतः त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करत असाल तर. पण तो एका रात्रीत उभा राहत नाही, महिन्यामहिन्याने वाढत जातो. शिवाय मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट्सची मुदतवाढ जाहीर केली होती. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर ती फुकट मिळत होती. माझ्याकडे घाबरून आलेल्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती. जाहिरात नव्या लॅपटॉपची होते, मुदतवाढीची कोण करणार?

आता 'अकरा घेत नाही' म्हणजे काय, ते. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते, ती जवळपास सगळ्यांकडे असते. अडतं ते टीपीएम 2.0 नावाच्या सुरक्षा चिपपाशी आणि प्रोसेसरच्या यादीपाशी. इंटेलचे प्रोसेसर त्या यादीत साधारण आठव्या पिढीपासून आहेत. म्हणजे 2017 साली हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह बाहेर. त्याच्यावर एक्सेल उत्तम चालतं, व्हिडिओ कॉल चालतो, झी मराठीच्या मालिका चालतात, तरी तो बाहेर. हे मला अजूनही पटत नाही. सुरक्षेसाठी चिप हवी हे कळतं, पण धडधाकट मशीन एका यादीमुळे भंगारात जावं हे दुरुस्ती करणाऱ्या माणसाला सहन होत नाही.

असेंबल केलेला डेस्कटॉप असेल तर एक गोष्ट नक्की बघून घ्या. मशीन त्यामानाने नवं असलं तर बऱ्याचदा टीपीएम त्यात असतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने. चालू केलं की विंडोज 11 मुकाट्याने चढतं. पाच मिनिटांच्या या कामासाठी लोक चाळीस-पन्नास हजार खर्च करायला निघालेले असतात.

मग गर्दीवर माझा एवढा राग का? दिवाळीच्या आधी रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तरी तिथली खरेदी चुकत नाही. कंदील हातात घेऊन बघता, रांगोळीचा रंग बोटांवर घेऊन बघता, आवडलं तर घेता. लॅपटॉपचं जे महत्त्वाचं असतं ते वरून दिसतच नाही. ते विचारावं लागतं, चालू करून बघावं लागतं. आणि त्या आठवड्यात शोरूममधल्या मुलाकडे तुमच्यासाठी दहा मिनिटंही नसतात. तो बिचारा सकाळपासून उभा, मागे रांग, कार्डाच्या ऑफरचा ओटीपी येत नाही म्हणून कुणीतरी ओरडतंय. त्याचा दोष मी काढत नाही. पण नव्या लॅपटॉपचा पहिला तास फार मोलाचा असतो आणि तो त्या गर्दीत वाया जातो.

लालबागच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. लॅपटॉप धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एका मोठ्या शोरूममधून घेतलेला. विंडोज 11 पहिल्यांदा सुरू होताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. बाईंना पासवर्ड आठवेना, फोनला रेंज नव्हती, मागची माणसं कुरकुरत होती. विक्रेत्या मुलाने 'मॅडम, मी करून देतो' म्हणत तिथल्या तिथे स्वतःच एक ईमेल बनवला आणि त्या खात्यावर लॅपटॉप चालू करून दिला. बाई खूश होऊन घरी गेल्या. पुढचे काही महिने सगळं सुरळीत. मग एके दिवशी लॅपटॉपने बायोसचं अपडेट घेतलं, मशीन पुन्हा चालू झालं आणि निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागू लागलं.

हे नेमकं का होतं ते समजून घ्या, कारण हे कुणाच्याही घरात होऊ शकतं. आजकालचे बहुतेक नवे लॅपटॉप विंडोज 11 सुरू करताना डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद करतात. 24एच2 या आवृत्तीपासून तर हे आणखी सर्रास झालंय. मुळात व्यवस्था चांगली आहे. लोकलमध्ये बॅग विसरली तरी तुमची कागदपत्रं दुसऱ्याला उघडता येत नाहीत. रोजच्या वापरात टीपीएम चिप हे कुलूप स्वतःच उघडते, त्यामुळे तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदललं किंवा मदरबोर्ड बदलला, की चिपला मशीन ओळखीचं वाटत नाही आणि रिकव्हरी की मागितली जाते. ती की जपून ठेवलेली असते, पण ज्या खात्यावर लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात.

बाईंच्या बाबतीत ते खातं त्या मुलाचं होतं. त्याने नोकरी सोडली होती. मोठ्या खटपटीने त्याचा फोन नंबर मिळाला, तर त्या दिवशी अशी किती खाती बनवली आणि कशाला काय पासवर्ड दिला हे त्याला सांगता येईना. लॅपटॉपमध्ये सातवीच्या प्रश्नपत्रिका होत्या, त्या पुन्हा करता आल्या. वडिलांच्या शेवटच्या वर्षातले फोटोही होते, त्यांची दुसरी प्रत नव्हती. ते कुलूप मला तोडता येत नाही, कुणालाच येत नाही, येऊ नये म्हणूनच ते बनवलंय. हे त्यांना सांगताना माझी जीभ जड झाली होती. फॉरमॅट मारून लॅपटॉप त्यांना परत दिला.

म्हणून म्हणते, खातं तुमचंच हवं. तुमचा ईमेल, तुमचा फोन नंबर, पासवर्ड तुमच्या वहीत. दुकानात जमत नसेल तर खोकं सीलबंदच घरी आणा आणि मुलीला, भाच्याला, शेजारच्या कुणाला तरी बोलावून निवांत सुरू करा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या खात्यात गेलात की तुमच्या उपकरणापुढे ती रिकव्हरी की सापडते. ती कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा. आधीच घेतलेला लॅपटॉप दुकानदाराच्या खात्यावर चालत असेल, तर आजच सेटिंग्जमध्ये जाऊन कुणाचा ईमेल आहे ते बघा, आणि महत्त्वाचं सगळं आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या.

सेलच्या किमतीबद्दल थोडं. खोडलेली मोठी किंमत बघू नका, आतला माल बघा. अगदी स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये 64 जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच बसवलेली छोटी साठवण, असते. विंडोज 11 ची किमान गरजच 64 ची, मग मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही आणि वर्षभरात 'हँग होतो' म्हणून तो माझ्या टेबलावर येतो. रॅम 8 जीबी असेल तर वाढवता येते का, हे विचाराच. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर काही करता येत नाही. प्रोसेसरच्या नावालाही फसू नका. एएमडीच्या रायझेन 5 7520यू चंच उदाहरण बघा. सुरुवातीचा 7 बघून तो नवाकोरा वाटतो, पण त्या मालिकेत आतली रचना तिसरा आकडा सांगतो. तो 2 आहे, म्हणजे झेन 2, आणि ती रचना 2019 ची. हलक्या कामाला प्रोसेसर वाईट नाही, पण नव्याचा भाव त्याला देऊ नये. नो कॉस्ट ईएमआय घेतलीत तर बँक व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लावते, वर बहुधा प्रोसेसिंग फीही असते, हे पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर कळतं.

आता जुन्या लॅपटॉपकडे या, कारण माझा जीव त्यात आहे. 'हळू चालतो' म्हणून आलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात 100 टक्के दिसत असेल आणि प्रोसेसर निवांत बसलेला असेल, तर दुखणं सापडलं. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क, बसते, स्क्रू काढून लावायचं काम आहे. मिनिटभर गोल फिरत राहणारा तोच लॅपटॉप मग चटकन उघडतो आणि समोरचे काका माझ्याकडे अशा नजरेने बघतात की तेवढ्यासाठी मी हे काम आयुष्यभर करेन. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे आणि त्यामागोमाग एसएसडीचे भाव चढले, हे खरं. तरीही नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च थोडा असतो.

पण एसएसडी घातली तरी विंडोज 11 चा प्रश्न तसाच राहतो. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, यूट्यूब आणि चार पत्रं लिहिणं एवढंच आहे, त्यांना मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देते. फुकट आहे, आणि त्याची 22 ही मालिका 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट्स घेत राहणार आहे. मराठी टायपिंगही नीट होतं, इनस्क्रिप्टने करा नाहीतर फोनेटिकने.

सगळ्यांना मात्र मी ते देत नाही. टॅलीवर हिशेब करणाऱ्याने विंडोज सोडू नये. डिजिटल सहीचं टोकन लावून कामं करणाऱ्यांचंही तेच. आणि मराठी माणसाची एक खास अडचण आहे. सोसायटीची जुनी इतिवृत्तं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचा मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप झालाय. हे युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशा आजच्या पद्धतीच्या, आधीचे फाँट. त्यांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अगम्य रोमन चिन्हांची रांग दिसते. फाँटची फाइल लिनक्समध्ये टाकली तर जुनं वाचता येतं, पण त्या पद्धतीने नवं टाइप करायचं तर मूळ सॉफ्टवेअर लागतं, आणि ते विंडोजचं. असा मजकूर कुणाकडे असेल तर मशीन बदलायच्या आधी तो युनिकोडमध्ये करून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. रफार आणि जोडाक्षरं चुकतात, म्हणून एकदा डोळ्याखालून घालावं लागतं. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलात तर ते काम आणखी अवघड होईल, कारण ती जुनी सॉफ्टवेअर चालणारी मशीन्स एकेक करून कमी होताहेत.

एवढं करूनही नवा घ्यावाच लागला, तर जरूर घ्या. स्क्रीन गेलीय, बिजागर तुटलंय, मुलाला इंजिनीअरिंगचं सॉफ्टवेअर चालवायचंय, अशा वेळी जुन्यावर पैसे घालू नका, मीही घालू देत नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर दुकानात जा. सेल पुन्हा लागतातच, 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टलाही.

आणि जुना एक्सचेंजमध्ये देणार असाल, तर आतली डिस्क काढून घेतली तर चालेल का, हे आधी विचारा. चालत नसेल तर फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून, डिस्क पूर्ण पुसून, मगच द्या. नुसतं 'डिलीट' केलेलं सहज परत येतं. आधार आणि पॅनच्या स्कॅनसकट आलेले जुने लॅपटॉप मी हाताळलेत. पुसायचं कसं हे कळत नसेल तर गाळ्यावर घेऊन या, समोर बसवून करून देते, त्याचे मी पैसे घेत नाही.