एका खुर्चीची दोन तिकिटं

रविवारच्या प्रयोगाचं ऑनलाइन बुकिंग सकाळी 8 ला उघडलं आणि पुढच्या रांगा भराभर गेल्या. दुपारी नाट्यसंस्थेचा फोन आला: एफ रांगेतली 12 नंबरची खुर्ची दोघांना गेली आहे. दोघांचे पैसे कापलेले, दोघांकडे क्यूआर कोडचं तिकीट. सिस्टीम दुसऱ्या कुणी बांधलेली होती, तपासायला माझ्याकडे आली.

सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन्ही रिक्वेस्ट एकाच सेकंदातल्या निघाल्या. दोन्हींचा क्रम एकच: सिलेक्ट करून खुर्ची रिकामी आहे का ते पाहायचं, मग अपडेट करून 'विकली' लिहायचं. पहिलीचं लिहून व्हायच्या आत दुसरी पाहून मोकळी झाली होती. ट्रान्झॅक्शन (सगळ्या पायऱ्या एकत्र पूर्ण होतील किंवा एकही नाही, अशी बांधणी) लावलेलं होतं, तरी हे झालं, आणि बरेच जण फसतात ते इथेच. पोस्टग्रेस, म्हणजे इथला डेटाबेस, मुळात 'रीड कमिटेड' पातळीवर चालतं: दुसऱ्याने कमिट, म्हणजे कायम, केलेलं तेवढंच वाचतं. दुसरं अपडेट पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबतं, मग व्हेअरमधली (कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी) अट बदललेल्या ओळीवर पुन्हा तपासतं. पण अटीत होता फक्त खुर्चीचा आयडी. तो जुळणारच. तिकीट खिडकीवर कागदी प्लॅन एकच आणि पेन्सिल एकाच हातात, म्हणून पाहणं आणि खूण करणं वेगळं पडत नाही; सर्व्हरवर ते मुद्दाम एकत्र आणावं लागतं.

म्हणून अपडेटच्याच अटीत 'स्थिती रिकामी असेल तरच' हे घातलं आणि किती ओळी बदलल्या ते मोजलं. शून्य आलं तर क्लायंटला 409, म्हणजे 'टक्कर झाली' असा नकार. चार खुर्च्या मागितल्या आणि तीनच ओळी बदलल्या, तर सगळंच रोलबॅक, म्हणजे पूर्ववत. शिवाय तिकिटांच्या टेबलवर प्रयोग आणि खुर्ची मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारं बंधन) टाकला. उद्या कोडमध्ये कुणी काहीही बदललं तरी डेटाबेस दुसरं तिकीट छापू देणार नाही. हा इंडेक्स पहिल्या दिवसापासून हवा, असं माझं ठाम मत आहे.

एकाहून जास्त खुर्च्यांना आणखी एक धोका असतो. एकाने 11 धरून 12 मागितली, दुसऱ्याने 12 धरून 11, की डेडलॉक: दोघं एकमेकांसाठी अडून बसतात. पोस्टग्रेस तो ओळखून एकाचं ट्रान्झॅक्शन मारून टाकतं. त्यासाठी आधी आयडीच्या चढत्या क्रमाने 'सिलेक्ट फॉर अपडेट' करून सगळ्या ओळी धरायच्या, मगच अपडेट.

पैसे भरेपर्यंत मात्र ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही. उघडं ट्रान्झॅक्शन एक कनेक्शन धरून बसतं, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची. यूपीआयचा पिन टाकणाऱ्या शंभर माणसांनी ती अडवली की बाकीच्यांना प्लॅनही दिसत नाही. खुर्ची 10 मिनिटांसाठी 'धरलेली' करून कमिट करायचं, मुदतीची वेळ त्याच ओळीत लिहायची. अटीत 'रिकामी, किंवा मुदत उलटलेली' एवढं वाढवलं की मुदत संपलेल्या खुर्च्या सोडवायला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. घड्याळ डेटाबेसचंच वापरायचं, कारण दोन सर्व्हरची घड्याळं जुळतीलच असं नाही.

पेमेंट गेटवेचा निरोप कधी दोनदा येतो, कधी मुदतीनंतर. दोनदा आला तर ऑर्डर नंबर पाहून दुसरा सोडून द्यायचा. उशिरा आला आणि खुर्ची अजून मोकळी असेल तर तिकीट द्यायचं, गेली असेल तर त्याच क्षणी रिफंड सुरू करायचा. प्रेक्षकाला फोन करायला लावायचा नाही.

संध्याकाळी एकाच खुर्चीवर 200 रिक्वेस्ट एकदम सोडल्या. एक यशस्वी, 199 ना 409. त्यानंतरच पुढच्या प्रयोगाचं बुकिंग उघडायला सांगितलं.