पिवळा झेंडा आवाजावर पडत नाही

नागपुरात अमेरिकन फुटबॉल बघायचा म्हणजे रविवारी रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला, बसायचं आणि शेवटच्या सामन्यासाठी सोमवारी पहाटे उठायचं. कबड्डी बघत वाढलेल्यांना पकड लगेच कळते, पण पेनल्टीचा, म्हणजे फाउल दिसला की पंच पिवळा झेंडा टाकतो त्याचा, अंदाज चुकतो, कारण लक्ष आवाजाकडे जातं. खांदा छातीवर आदळला की केवढा तरी आवाज होतो आणि तरी ती धडक बहुतेक वेळा नियमात बसते. पाय मोडणारी पकड गुपचूप होते.

हिप-ड्रॉप टॅकल घ्या. बचावपटू मागून किंवा बाजूने धावणाऱ्याच्या कंबरेला मिठी मारतो. इथवर सगळं ठीक. धावणारा थांबत नाही म्हटल्यावर तो स्वतःचं वजन सोडतो, कंबर फिरवतो आणि बुडाने थेट त्याच्या पोटरीवर बसतो. बूट गवतात रुतलेला, वरचं अंग मागे ओढलं जातंय, मग सगळा पीळ घोट्यावर येतो. लिगामेंट फाटतं, नाहीतर नडगीशेजारचं बारीक हाड मोडतं. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने मार्च २०२४ मध्ये यावर बंदी घातली, आणि ती हवीच होती. पण झेंड्यासाठी मिठी, कंबर फिरवून वजन सोडणं आणि गुडघ्यावर किंवा त्याखाली पाय अडकवणं, हे तिन्ही दिसावं लागतं. ओढून बाजूला पडला तर फाउल नाही. धावत्या खेळात पंचाला एवढं टिपणं कठीण, म्हणून पुष्कळदा नंतर चित्रीकरण बघून पैशांचा दंड होतो.

शिक्षा १५ यार्ड, म्हणजे चेंडू तेवढा पुढे नेऊन चढाई करणाऱ्या संघाला दिला जातो, आणि आपोआप पहिला डाउन, म्हणजे त्याला दहा यार्ड जायला पुन्हा नव्याने चार प्रयत्न. १५ यार्ड म्हणजे १३.७ मीटर, आपल्या पुरुषांच्या कबड्डी मैदानाच्या लांबीपेक्षा जास्त! गोलरेषा जवळ असेल तर उरलेल्या अंतराच्या निम्मंच.

हॉर्स-कॉलरचंही तसंच. मानेमागे जर्सीत किंवा पॅडमध्ये हात घालून मागे खेचलं की धावणारा स्वतःच्याच दुमडलेल्या पायावर कोसळतो. डिसेंबर २००४ मध्ये डॅलस संघाचा बचावपटू रॉय विल्यम्सने प्रतिस्पर्धी टेरेल ओवेन्सला असंच पाडलं, ओवेन्सचं हाड मोडलं आणि २००५ मध्ये नियम आला. धावणारा खाली पडलाच पाहिजे असंही नाही, गुडघे वाकले तरी फाउल. गंमत म्हणजे हेल्मेटबाहेर लोंबणारे केस धरून पाडणं मात्र चालतं! कबड्डीत कपडे किंवा केस धरले तर पकड धरतच नाहीत.

डोकं खाली घालून धडक देण्यावरही १५ यार्ड, आणि कॉलेजच्या सामन्यात टार्गेटिंग (टाळूने किंवा समोरच्याच्या डोक्या-मानेवर नेम धरून दिलेली धडक) ठरलं तर २०१३ पासून खेळाडू थेट बाहेर. इथे धोका मारणाऱ्यालाच जास्त. मान साधारण ३० अंश वाकली की मणक्याचा नैसर्गिक बाक जातो, तो सरळ काठीसारखा होतो आणि टाळूवर बसलेला मार स्नायूंत न जिरता मणक्यांवर येतो. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही.

आपल्याकडे कबड्डीत घोटा पकडायला झेपावणारी पोरंही हेच करतात, तेही हेल्मेटशिवाय. त्यांना आधी गुडघ्यावर बसवून, मग चालत्या वेगात सराव द्या. नजर चढाईपटूच्या कंबरेवर, हनुवटी वर, डोकं त्याच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला. हे अंगवळणी पडेपर्यंत पळत्या माणसावर झेप घेऊ देऊ नका.