नऊ प्रश्नांचा कागद

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी तीन पाळ्यांत काम करतो. धाकटीच्या जन्मानंतर रात्रपाळी करून घरी आलो तरी दिवसा झोप लागेनाशी झाली आणि क्षुल्लक कारणांवरून मी पहिलीतल्या मुलावर डाफरू लागलो. एकदा त्याच्या हातून दुधाचा पेला सांडला, तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की त्याने घाबरून अंगातल्या शर्टानेच फरशी पुसायला घेतली. त्यानंतर तो रोज आईला हळूच विचारू लागला, "बाबांची आज कोणती पाळी आहे?" हा प्रश्न माझ्या ड्यूटीविषयी नव्हे, माझ्या रागाविषयी होता, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगले.

छातीत धडधडते म्हणून आधी एका दवाखान्यात गेलो. ईसीजी नॉर्मल आला, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मिळाला. ते कसे घ्यायचे नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही.

अखेर एका रात्री कारखान्याबाहेर मोटारसायकलवर बसूनच मी 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावला. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. मला मात्र सुरुवातीला शब्दच फुटेना. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. सगळे ऐकून घेऊन त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटण्यास सुचवले.

त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढला. तेथील डॉक्टरांनी 'पीएचक्यू-9' हा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे असतात; त्रास जास्त तितके गुण जास्त. 27 पैकी माझे 14 आले, म्हणजे मध्यम स्वरूपाच्या नैराश्याची लक्षणे. "पण मला रडू येत नाही, नुसता रागच येतो," असे मी म्हणालो, तेव्हा पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा चिडचिडीतूनच दिसते, असे त्यांनी सांगितले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील आणि बरे वाटले तरी त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावले.

गोळ्यांइतकाच उपयोग झोपेच्या बंदोबस्ताचा झाला. रात्रपाळीच्या आठवड्यात धाकटीला दुपारपर्यंत माझी बहीण सांभाळू लागली. तिच्याकडे हे मागताना मला जेवढा संकोच वाटला, तेवढा केसपेपर काढतानाही वाटला नव्हता.

दीड महिन्यानंतर माझे गुण सातवर आले. त्या संध्याकाळी बायकोने तोच कागद ओढून घेतला आणि पोळ्या लाटता लाटता स्वतःची उत्तरे मोजली. तिचे 11 भरले. वर्षभर माझ्या पाळ्या आणि दोन मुले सांभाळणाऱ्या तिला हे प्रश्न कोणीच, अगदी मीही, विचारले नव्हते. पुढच्या तारखेला आम्ही दोन केसपेपर काढले.