हात न लावता वाजणारं

लोकसंगीतात लाकूड, तार, कातडं आणि माणसाची फुंकर एवढंच हवं, वीज शिरली की ते बाटलं, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. त्यातले निम्मे रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करतात, हा भाग वेगळा. अशांना मी लोकसंगीताच्या अंगाने वाजवणाऱ्या टोकियोच्या 'घोस्ट' या बँडचा 'हिप्नॉटिक अंडरवर्ल्ड' (२००४) हा अल्बम ऐकवतो.

ऐकवणं सोपं नाही. पहिली तेरा-एक मिनिटं गाणं म्हणावं असं काही सुरूच होत नाही. खर्जात तोच तो घुमारा, मधूनच कण्हणारा सॅक्सोफोन, तालवाद्यांची खुडबुड. स्वयंपाकघरातून हमखास विचारणा होते, "स्पीकर बिघडलाय का रे?" पाहुणे घड्याळाकडे बघतात. ते टिकले, तर पुढे बँडचा गायक मसाकी बाटोह गायला लागतो, बासरी येते, आणि त्या बासरीच्या आसपास आणखी कोणीतरी गातंय असं वाटतं.

ते थेरेमिन. रशियात १९२० च्या सुमारास लेव्ह तेरमेनने केलेलं हे वाद्य. त्याला दोन अँटेना असतात. एकीजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज कमी होतो. वाद्याला स्पर्श करायचाच नाही. हात आणि अँटेना यांच्यामधलं विद्युत क्षेत्र बदलतं म्हणून ते वाजतं, म्हणजे वादकाचं शरीरच सर्किटमध्ये सामील असतं. श्वास जरा जोरात घेतला तरी सूर हलतो. गिटारला निदान पडदे असतात. इथे हवेत सूर शोधायचा!

मेलोट्रॉन या विजेवरच्या दुसऱ्या वाद्यातही माणूस असतोच. दिसायला कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा, त्यावर खऱ्या वाद्याचा एक स्वर. पट्टी दाबून ठेवली की आठेक सेकंदांत टेप संपते, स्वरही संपतो. कुणा अनोळखी बासरीवाल्याचा दम तेवढाच शिल्लक राहिलेला असतो. याला नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाटोह अॅक्युपंक्चरही करतो. सुया टोचून शरीरातला प्रवाह जागा करणाऱ्या माणसाला विजेचं वावडं कशाला असेल? उलट २०१२ साली त्याने 'ब्रेन पल्स म्यूझिक' काढलं. त्यात डोक्याला यंत्र लावून मेंदूतल्या लहरींचाच आवाज केलाय. ते ऐकून मी थक्क झालो, पण रमलो मात्र नाही. डोक्यातलं थेट यंत्रात उतरलं की चाचपडायला जागाच उरत नाही. मला थेरेमिनवाला जवळचा वाटतो. सूर दोन बोटं वर जातो, मग बिचारा हात मागे घेतो.