आमची वाटचाल: मिरजेतलं आमचं दुरुस्तीचं दुकान

१९९३ साली मिरजेत अर्धा गाळा भाड्याने घेऊन मी दुकान मांडलं. टेपरेकॉर्डरचे हेड साफ करायचे, बेल्ट बदलायचे, रेडिओच्या काट्याचा दोरा ओवायचा, यावर पहिली दहा वर्षं निघाली. कॅसेट गेली आणि ते कामही गेलं. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर उघडून त्यांचं वायरिंग नव्याने करायच्या कामाकडे वळलो, ते सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरामुळे.

ते जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर सेट घेऊन आले. "खाँसाहेबांची तबकडी लावली की तंबोऱ्याच्या खाली आणखी कायतरी वाजतंय बघा." खाँसाहेब म्हणजे अब्दुल करीम खाँ, हे मिरजेत सांगावं लागत नाही. मी दोन्ही फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे) काढून १०,००० मायक्रोफॅरडचे नवे घातले. आठवड्याने परत आले. "कमी झालंय, गेलं नाही." जन्मभर जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणारा कान तो, त्याच्याशी वाद कसला घालणार?

तिसऱ्या वेळी मी पार्ट बदलायचे सोडून वायरी कुठून कुठे जातात ते कागदावर काढलं. रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) कपॅसिटर भरताना करंट सलग जात नाही, सेकंदाला १०० झटक्यांनी जातो. त्या झटक्यांची परतीची वायर आणि इनपुटचं ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची वायर) काही इंच एकच होतं. तेवढ्या तुकड्यावर पडणारं किंचितसं व्होल्टेज गाण्याबरोबर मोठं होऊन स्पीकरला पोचत होतं. सगळी ग्राउंडं एका बिंदूवर आणली, ट्रान्सफॉर्मरच्या वायरींना पीळ देऊन त्या इनपुटपासून लांब नेल्या. त्यांनी दुकानात उभं राहून तबकडी दोनदा ऐकली आणि किती झाले ते विचारलं. त्यांच्या गल्लीतूनच पुढची गिऱ्हाइकं आली.

पॉवर कॉर्डबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. जाड कॉर्ड लावली की आवाज सुधारतो असं सांगून आम्ही ती कधी विकली नाही. दीड मीटरच्या ०.७५ चौरस मिलिमीटर कॉर्डचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.०७ ओहम. घरचा सेट एक अँपिअर ओढत असेल तर तिच्यात ०.०७ व्होल्ट पडतात, २३० मधले. शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली की याच्या कितीतरी पट व्होल्टेज हलतं.

तरीही बहुतेक जुन्या सेटांची कॉर्ड आम्ही बदलतोच. दोनच तारा, अर्थिंग नाही, रबर कडक होऊन तडकलेलं, आत ताण धरायला नुसती गाठ. मागच्या पत्र्यावर तीन पिनांचं सॉकेट बसवतो, अर्थिंगची वायर पत्रा खरवडून दातेरी वॉशरखाली घट्ट आवळतो, फेजवर आधी फ्यूज आणि मग स्विच. हम, म्हणजे स्पीकरमधली घूं घूं, जावा म्हणून अर्थिंगची पिन कापलेले सेट येतात. तसा सेट आम्ही परत देत नाही, पिन लावूनच देतो. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर सगळी बॉडी जिवंत होते, आणि घरात लहान मुलं असतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. त्यानंतर गाळ भरलेले सेट आले, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. धुतले, ट्रान्सफॉर्मर दिव्याच्या उबेत कित्येक दिवस वाळवले, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासले. बरेच टाकून द्यावे लागले. वरून स्वच्छ दिसणारी वायर सोलली तर आतलं तांबं वीतभर काळं. तारांच्या फटीतून पाणी वर चढतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्या सेटांची मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे तेवढे घेतले.

आता टेबलावर मुलगी बसते. कपॅसिटर रिकामे केल्याशिवाय हात घालायचा नाही आणि पहिला करंट १०० वॉटच्या सिरीज दिव्यातूनच (सेटच्या वाटेत जोडलेला साधा बल्ब) द्यायचा, ही दोन कामं तिला कधी आठवण करून द्यावी लागत नाहीत. दिवा उजळून मंदावला तर पुढे जायचं, तसाच लख्ख राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. सेट आणताना त्याची कॉर्डही आणा, आणि पूर्वी कुणी आत हात घातला असेल तर तेवढं आधी सांगा.